३१ जुलै : मुंबईच्या पहिल्या नागरिकाचे स्मरण

प्रत्येक शहराची स्वतःची अशी एक दिनदर्शिका असते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिची नोंद नसते. ती त्या शहराच्या आठवणीत असते. मुंबईच्या या दिनदर्शिकेत ३१ जुलै ही तारीख दोन वियोगांची आहे. १९८० साली याच तारखेला मोहम्मद रफी यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी भर पावसात अवघी मुंबई त्यांना निरोप द्यायला रस्त्यावर उतरली. ती आठवण सांगणारे लोक आजही भेटतात. त्याआधी ११५ वर्षे, ३१ जुलै १८६५ रोजी, याच शहरातल्या आणखी एका मोठ्या माणसाने जगाचा निरोप घेतला होता. त्या दिवसाची आठवण सांगणारे आता कोणी उरलेले नाही. मात्र त्या माणसाने उभारलेल्या कामांचा उपयोग केल्यावाचून मुंबईकराचा एकही दिवस मावळत नाही. ती व्यक्ती म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ, अर्थात नाना शंकरशेठ.

नाना गेले तो काळ मुंबईच्या इतिहासातील एका विलक्षण उलथापालथीचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाचा महापूर लोटला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या, बँका, वित्तसंस्था यांचे पेव फुटले आणि शेअरच्या सट्ट्याने शहराला झपाटले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस अनेक नामांकित पेढ्यांचा काळदिवस ठरला. त्यानंतर बरोबर तीस दिवसांनी नानांचे निधन झाले. संपत्ती येते आणि जाते, याचा धडा शहर घेत असतानाच संपत्तीचे काय करावे, हे स्वतःच्या आचरणाने दाखवणारा माणूस काळाच्या पडद्याआड गेला, हा योगायोग मनात घर करून राहतो.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचा. घराणे दैवज्ञ ब्राह्मणांचे, आडनाव मुरकुटे. त्यांचे पूर्वज अठराव्या शतकात व्यापारानिमित्त मुंबईत आले आणि येथेच त्यांचा जम बसला. वडील शंकरशेठ हे मुंबईतील बड्या सराफी व्यापाऱ्यांपैकी एक होते. आजच्या नाना चौकाजवळचे भवानीशंकराचे मंदिर ही या घराण्याचीच देणगी. नानांच्या आईचे छत्र लहानपणीच हरपले. वडिलांनी मुलाला घरीच शिक्षक ठेवून मराठी, संस्कृत आणि इंग्रजीचे शिक्षण दिले. १८२२ साली वडीलही गेले आणि एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या हाती अफाट संपत्ती आणि पेढीचा कारभार आला.

त्या वयात आणि त्या सांपत्तिक स्थितीत माणूस दोन वाटांनी जातो. एक ऐषआरामाची, दुसरी आणखी संपत्ती वाढवण्याची. नानांनी पेढी नीट सांभाळली, व्यापारात सचोटीचे नाव मिळवले. परंतु त्यांचे मन ओढले गेले ते तिसऱ्याच गोष्टीकडे. पेशवाईचा अस्त होऊन चारच वर्षे झाली होती. नवे राज्य, नवे कायदे, नवी भाषा आली होती. या नव्या व्यवस्थेत आपल्या माणसांनी केवळ रयत म्हणून राहायचे की तिच्या कारभारात बरोबरीने बसायचे, हा प्रश्न होता. आणि बरोबरीने बसायचे तर आधी शिकले पाहिजे, हे उत्तर या तरुणाने फार लवकर ओळखले होते.

१८२२ साली मुंबईत एतद्देशीय मुलांसाठी शाळा आणि शालेय पुस्तके यांची सोय करणारी संस्था निघाली. पुढे १८२७ मध्ये ती 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' या नावाने ओळखली जाऊ लागली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तिचे आश्रयदाते होते, सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे तिचे चिटणीस होते आणि विशीतले नाना तिच्या आधारस्तंभांपैकी एक होते. या संस्थेच्या शाळांनी पहिल्यांदाच मराठीत आणि गुजरातीत गणित, भूगोल, नीतिकथा यांची छापील पुस्तके मुलांच्या हाती दिली. बाळशास्त्री जांभेकर कोकणातून मुंबईत आले ते याच संस्थेच्या आश्रयाला. दादाभाई नौरोजी याच संस्थेच्या शाळेत शिकले. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या जागृतीची नावे काढू लागलो की त्यांतील अनेकांची पहिली पाटी या शाळांतच सापडते.

१८२७ मध्ये एल्फिन्स्टन निवृत्त होऊन मायदेशी निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ काय करावे, याचा विचार नागरिकांनी केला. पुतळा किंवा मानपत्र यावर न थांबता उच्च शिक्षणासाठी निधी उभारायचे ठरले. दोन लाखांहून अधिक रुपये जमले. त्यातूनच पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आणि एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. या उद्योगात नाना अग्रभागी होते. जाणाऱ्या सत्ताधीशाचा गौरव करतानाही त्या गौरवातून आपल्या मुलांच्या पदरात काहीतरी कायमचे पडावे, हा त्यांचा व्यवहार होता. पुढेही अनेकदा त्यांनी हाच मार्ग अनुसरला.

१८४० साली सरकारने शिक्षण मंडळ स्थापन केले, तेव्हा नाना त्याचे सभासद झाले आणि १८५६ मध्ये ते मंडळ विसर्जित होईपर्यंत, सोळा वर्षे, त्या जागी राहिले. याच मंडळात त्यांच्या आयुष्यातील एक महत्त्वाचा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे मोठे विद्वान न्यायाधीश होते. सरकारचा मर्यादित पैसा मोजक्या लोकांना इंग्रजीतून उच्च शिक्षण देण्यावर खर्च करावा, तेथून ज्ञान खाली झिरपेल, असे त्यांचे मत होते. कर्नल जर्व्हिस यांनी त्याला विरोध केला. सामान्य जनतेला शिकवायचे तर ते तिच्या स्वतःच्या भाषेतूनच शिकवावे लागेल, अशी त्यांची बाजू होती. मंडळातील तिन्ही एतद्देशीय सभासद, म्हणजे नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा, जर्व्हिस यांच्या बाजूने उभे राहिले. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. तिघांच्या घरच्या भाषा वेगळ्या. पण मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेतच त्याला ज्ञान मिळाले पाहिजे, यावर तिघांचे एकमत होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. नाना इंग्रजीचे विरोधक नव्हते. स्वतः ते उत्तम इंग्रजी जाणत होते, एल्फिन्स्टन कॉलेजच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. इंग्रजी अवश्य शिकावी, पण तिच्यापायी मराठीचा आणि गुजरातीचा दरवाजा बंद होता कामा नये, कारण त्या दरवाजातूनच गावोगावची मुले आत येणार आहेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सरकारने त्या वेळी कोणत्याच बाजूला निर्विवाद कौल दिला नाही. परंतु १८५४ च्या वुड यांच्या खलित्यात देशी भाषांतील शिक्षणाला जे स्थान मिळाले, ते पाहता नानांचा पक्ष दुबळा नव्हता, हे दिसते. आणि दीडशेहून अधिक वर्षे उलटल्यावरही मराठी शाळांचे काय करायचे, हा प्रश्न मुंबईत दर जूनला नव्याने उभा राहतो, तेव्हा तो वाद आजचाच वाटू लागतो.

या वादाचा शेवट नानांच्या स्वभावावर प्रकाश टाकणारा आहे. १८५२ साली पेरी मुंबई सोडून निघाले. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे मतभेद झाले, त्यांच्याच नावाने कायद्याच्या अध्यापनासाठी निधी उभारण्यात नानांनी पुढाकार घेतला. त्या निधीतून सुरू झालेल्या कायद्याच्या वर्गाचेच पुढे चर्चगेटजवळचे शासकीय विधि महाविद्यालय झाले. मतभेद मताशी होता, माणसाशी नव्हता.

मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न याहून नाजूक होता. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या तरुण विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी साहित्य व विज्ञान सभा स्थापन केली आणि लवकरच मुलींच्या शाळा काढल्या. गिरगावातील शाळेसाठी नानांनी आपल्या वाड्यातच जागा दिली. त्या काळात मुलीने शिकणे म्हणजे घराण्यावर संकट ओढवून घेणे, अशी समजूत होती. निष्ठावान, पूजाअर्चा करणाऱ्या, देवळे बांधणाऱ्या घराण्यातील पुरुष हे करतो, याचा परिणाम दहा व्याख्यानांपेक्षा अधिक होता. सतीबंदीच्या बाजूने ते उभे राहिले त्याचेही वजन असेच होते. परंपरेच्या बाहेर उभे राहून तिला नावे ठेवणाऱ्यांपैकी ते नव्हते. परंपरेच्या आत उभे राहून तिची एकेक कडी त्यांनी काढली.

जुने नाट्यगृह १८३५ साली कर्जापायी विकले गेले, तेव्हा शहर नाट्यगृहाविना राहिले. नव्या नाट्यगृहासाठी ग्रँट रोडवर नानांनी जमीन दिली आणि १८४६ मध्ये ते सुरू झाले. तेव्हाचा ग्रँट रोड म्हणजे शहराची वेस. कोटात राहणारी साहेब मंडळी रात्री तेवढ्या लांब यायला कुरकुर करीत. परंतु गिरगाव, काळबादेवी आणि भुलेश्वरच्या रहिवाशांना ते जवळ होते. १८५३ मध्ये सांगलीहून आलेल्या विष्णुदास भावे यांच्या मंडळीने येथेच खेळ केले. साहेबांसाठी मागितलेले नाट्यगृह अशा रीतीने मराठी आणि पुढे पारशी रंगभूमीचे माहेर बनले.

१८५३ हेच वर्ष आगगाडीचेही. मुंबईतून अंतर्भागात लोहमार्ग न्यावा, ही कल्पना १८४५ च्या सुमारास जोर धरू लागली, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई आणि नाना यांनी ती उचलून धरली. घोड्याबैलांशिवाय धावणाऱ्या गाडीवर पैसे लावणे हे तेव्हा धाडसाचे काम होते. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी कायद्याने अस्तित्वात आली. तिच्या संचालकांत नानांचा समावेश होता. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी तोफांच्या सलामीत बोरीबंदरहून गाडी सुटली. तीन इंजिने, चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि ठाण्यापर्यंतचे एकवीस मैल. दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, बोरघाटाचा चढ चढून गाडी थेट पुण्याकडे जाऊ लागली. तो दिवसही नानांनी पाहिला. आज डोंबिवलीहून किंवा ठाण्याहून लोकलला लटकत येणाऱ्या नोकरदाराला, आपल्या या रोजच्या प्रवासाच्या मुळाशी गिरगावातील एका सराफी पेढीचा विश्वास आहे, हे सहसा ठाऊक नसते.

सरकारदरबारी नानांचे वजन मोठे होते. १८३४ च्या सुमारास एतद्देशीयांना प्रथमच 'जस्टिस ऑफ द पीस' नेमण्यात आले, त्या पहिल्या तुकडीत ते होते. परंतु ते वजन त्यांनी कोणासाठी वापरले, याचे उत्तम उदाहरण सोनापूरचे आहे. मरीन लाइन्सजवळची ही हिंदूंची स्मशानभूमी वस्तीत येते म्हणून ती शिवडीला हलवावी, असा सरकारी विचार चालला होता. गिरगाव-भुलेश्वरच्या गोरगरिबांना प्रेत खांद्यावर घेऊन शिवडीपर्यंत चालत जाणे म्हणजे दुःखावर डागणी. नानांनी हा प्रश्न लावून धरला आणि स्मशानभूमी जागेवर राहिली. आज चंदनवाडीत आपल्या माणसाला निरोप द्यायला जाणारे त्या प्रयत्नांचेच वारसदार आहेत.

राजकारणातही त्यांनी असेच पाऊल टाकले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण १८५३ मध्ये व्हायचे होते. त्याआधी हिंदी लोकांचे गाऱ्हाणे थेट ब्रिटिश पार्लमेंटपुढे मांडावे, यासाठी २६ ऑगस्ट १८५२ रोजी 'बॉम्बे असोसिएशन' स्थापन झाली. सर जमशेटजी तिचे मानद अध्यक्ष आणि नाना अध्यक्ष होते. डॉ. भाऊ दाजी, नौरोजी फर्दुनजी, दादाभाई असे तरुण त्यांच्याबरोबर होते. कारभारात हिंदी माणसांना स्थान मिळावे, शिक्षणावर अधिक खर्च व्हावा, अशा मागण्यांचा अर्ज विलायतेला गेला. अर्जातील टीका सरकारला झोंबली, तेव्हा काही धनिक सभासद बिचकून दूर झाले. नाना मात्र आपल्या जागी राहिले. काँग्रेसच्या स्थापनेआधी तेहेतीस वर्षांची ही गोष्ट आहे. पुढच्या पिढ्यांना ही अर्जविनंत्यांची रीत फार सौम्य वाटली आणि त्यांच्या काळाच्या दृष्टीने ते बरोबरही होते. परंतु प्रजेला गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क आहे, हेच जेथे नवीन होते, तेथे तो सही करून मांडणे ही लहान गोष्ट नव्हती.

या सार्वजनिक आयुष्याची किंमत त्यांना १८५७ मध्ये मोजावी लागली. उत्तरेत उठावाचा वणवा पेटला असताना मुंबईतही संशयाचे वातावरण पसरले. पोलीस प्रमुख चार्ल्स फोर्जेट वेषांतर करून शहरभर फिरत होता. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी कटाच्या आरोपावरून दोन शिपायांना एस्प्लनेडच्या मैदानात तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच दिवसांत नानांचा बंडवाल्यांशी संधान असल्याची कुजबुज सरकारच्या कानी घालण्यात आली आणि त्यांच्यावर पाळत ठेवली गेली. चौकशीत काहीही निष्पन्न झाले नाही. पस्तीस वर्षे सरकारबरोबर काम केलेल्या चौपन्न वर्षांच्या गृहस्थाला एका कुजबुजीने आरोपीच्या रांगेत नेऊन ठेवले होते. राज्यकर्त्यांशी स्नेह कितीही जुना असला तरी परकी सत्ता ती परकीच, हे त्या दिवसांनी त्यांना उमजले असल्यास नवल नाही. तरीही ते कडवट झाले नाहीत, की घरी बसले नाहीत.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि कायद्यात नोंदलेल्या पहिल्या फेलोंमध्ये नानांचे नाव होते. १८६२ मध्ये मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात हिंदी सभासदांचा प्रथमच प्रवेश झाला, त्यातही नाना होते. ज्यांच्यावर पाच वर्षांपूर्वी पाळत ठेवली, त्यांनाच आता सरकार सल्ल्यासाठी बोलावत होते. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला भायखळ्याच्या राणीच्या बागेचे उद्घाटन झाले आणि तेथील वस्तुसंग्रहालयाचा पाया घातला गेला. डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी यांच्यासमवेत या संग्रहालयासाठी झटणाऱ्यांत नाना होते. ते पूर्ण होऊन १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. ते पाहायला मात्र नाना उरले नव्हते.

नानांच्या या कामांची यादी करू लागलो की एक गोष्ट जाणवते. त्यांपैकी बहुतेकांवर त्यांचे नाव नाही. कॉलेजाला एल्फिन्स्टनचे नाव मिळाले, कायद्याच्या अध्यासनाला पेरींचे. संग्रहालयाला आधी व्हिक्टोरिया राणी आणि तिच्या पतीचे नाव होते, १९७५ मध्ये ते यथोचितपणे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे झाले. आगगाडी तर कोणा एकाच्या नावाची नसतेच. नानांच्या वाट्याला आले ते टाउन हॉलमधील एक संगमरवरी पुतळा, एक चौक, गिरगावातला एक रस्ता आणि एक शिष्यवृत्ती. मुंबई सेंट्रल स्थानकाला त्यांचे नाव द्यावे, ही मागणी अनेक वर्षांची आहे. ती रास्तच आहे. पण पाटीवरच्या नावापेक्षा ती शिष्यवृत्ती अधिक बोलकी वाटते. नानांच्या स्मरणार्थ त्यांचे पुत्र विनायकराव यांनी दिलेल्या देणगीतून मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला ती मिळू लागली. १९१२ साली ती रायगडच्या मातीतल्या एका मुलाने पटकावली. पुढे तोच मुलगा रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर आणि देशाचा अर्थमंत्री झाला. नाव चिंतामणराव देशमुख. नाना जाऊन तेव्हा सत्तेचाळीस वर्षे झाली होती.

नानांचा उल्लेख मुंबईचे शिल्पकार असा दरवर्षी केला जातो. त्यांना मुंबईचा पहिला नागरिक म्हणणे अधिक अन्वर्थक ठरेल. त्यांच्याआधी या बेटावर व्यापारी होते, अधिकारी होते, जातीजातींचे पुढारी होते. शाळा असो, स्मशान असो, नाटक असो की आगगाडी, शहरातल्या प्रत्येक गोष्टीशी आपला संबंध आहे, असे मानून तिच्यासाठी वेळ, पैसा आणि शब्द खर्च करणारा माणूस विरळा होता. सरकारशी सहकार्य करावे आणि वेळ येईल तेव्हा त्याच सरकारला नकार द्यावा. जातीत राहावे आणि इतर जातीधर्मांच्या माणसांबरोबर एका टेबलावर बसावे. देऊन टाकावे आणि नावासाठी थांबू नये, ही रीत त्यांनी घालून दिली.

१८६५ च्या जुलैत सट्ट्याने श्रीमंत झालेल्यांच्या पेढ्या बुडाल्या, त्यांची नावेही आज कोणाला आठवत नाहीत. त्याच महिन्याच्या अखेरच्या दिवशी गेलेल्या नानांची गुंतवणूक मात्र बुडाली नाही. ती आजही रोज पहाटे ठाण्याहून सुटते, जूनमध्ये शाळेची घंटा होऊन वाजते, आणि एखाद्या सामान्य माणसाने आपल्या वस्तीच्या प्रश्नासाठी अर्ज लिहायला घेतला की त्या अर्जावरच्या सहीत पुन्हा उमटते.